काकूची लाथ आणि येलदरीचा रस्ता

परभणीच्या बसस्थानकावर सकाळी सात वाजता मी उभी होते. यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. लिहिण्यासारखं एवढंच, की मी उभी होते. कंबरेला पट्टा नव्हता, हातात काठी नव्हती, आणि दंडाला धरलेले आमचे हे नव्हते. हे स्थानकापर्यंत आले होते, पण फक्त बजावायला. "चाकावरच्या सीटवर बसू नकोस. अर्ध्या तासानं उठून उभी राहा. वाकू नकोस. पिशवी उचलू नकोस." पिशवी न उचलता माहेरी कसं जायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ती काय माझ्यामागं चालत येणार होती?

निघाले होते ती काही हिमालयात नव्हे. परभणीहून जिंतूर, आणि जिंतूरहून येलदरीच्या रस्त्यावर माझं गाव. सगळं मिळून दोन-अडीच तासांची वाट. एवढ्या अंतराला कुणी प्रवास म्हणत नाही, 'जरा जाऊन येते' म्हणतात. मी मात्र तीन वर्षं जाऊन आले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी माझी कंबर गेली. मी परभणीतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. शाळेतली मुलं पुस्तकं वाचत नसली तरी पुस्तकांचे गठ्ठे मात्र दरवर्षी या कपाटातून त्या कपाटात हलवावे लागतात, आणि ते मीच हलवायचे. त्यामुळे पाठ आधीपासून कुरकुरत होतीच. एक दिवस तिनं कुरकुर सोडून सरळ संप पुकारला. मग जो तो भेटायला यायला लागला. येताना प्रत्येकानं एक औषध आणलं आणि जाताना दोन कप चहा रिचवला. निरगुडीचा पाला झाला, तापवलेली वीट झाली, लाकडी फळीवर झोपून झालं, लोहचुंबकाचा पट्टा झाला. शेजारच्या बाईंनी तर पाठीला लसूण चोळायला लावला. पाठ तशीच राहिली, पण आठ दिवस आमच्याकडे पाहुणे कमी झाले, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे.

पहिली दोन वर्षं मी पडून काढली. पडून राहणं हा आराम आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा घरातल्या सगळ्यांचा सल्ला ऐकत दोन वर्षं पडून दाखवावं. शेवटी डॉक्टरांनी मला फिजिओथेरपीला पाठवलं, तिथे रूपाली मॅडम भेटल्या. वय माझ्या मुलीएवढं, आवाज हेडमास्तरांसारखा. पहिल्या दिवशी त्यांनी एक कार्ड पुढे ओढलं आणि विचारलं, "दुखण्याची सुरुवात कशानं झाली?"

"लाथेनं."

"म्हशीच्या?"

"काकूच्या."

वर न बघता त्यांनी 'कारण' या रकान्यात लिहिलं : लाथ.

बाहेरगावच्या वाचकांसाठी हे जरा उलगडून सांगते. माझी गयाकाकू पायाळू आहे (म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले). आमच्या भागात पायाळू माणसाला मोठा मान. कुणाच्या कंबरेत उसण भरली (लचक बसली), की ते माणूस वाकडंतिकडं चालत पायाळूच्या दारात येतं. उंबऱ्यावर पालथं झोपतं. पायाळू त्याच्या कंबरेवर डाव्या पायानं तीन हलक्या लाथा मारतं. मग उठायचं आणि तोंडातून शब्द न काढता घरी चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर उसण परत येते. काकूनं पन्नास वर्षं अख्ख्या गावाला असं लाथाडलं आणि गावानं तिला त्याबद्दल तुरीच्या शेंगा, हुरडा आणि लग्नातला पहिला मान दिला. लाथा मारून एवढा मान मिळवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

आणि ही काकू म्हणजेच माझं माहेर. मी चौथीत असताना आई गेली. वेणी काकूनं घातली, परकर काकूनं शिवला, आणि मॅट्रिकच्या निकालाचे पेढेही तिनंच वाटले. त्यामुळे तीन वर्षं गावी न जाणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. फोन यायचे, मी दोन वाक्यं बोलून ह्यांच्या हातात द्यायचे. आता पाठ उभी राहिल्यावर मी ठरवलं होतं, की काकूसमोर जाऊन ताठ उभं राहायचं आणि तिच्या लाथेनं माझं काय झालं ते एकदा तोंडावर सांगून टाकायचं. आठ महिने मी पाठीचे व्यायाम केले आणि त्यासोबत मनातल्या मनात या भाषणाचेही केले.

मॅडमनी शेवटी माझी परीक्षा घेतली. खाली बसून आधार न घेता उठणं, पास. गुडघ्यांत वाकून, वजन अंगाशी धरून उचलणं, पास. अर्धा तास बसणं, पास. चौथा प्रश्न राहिला. पाय जागच्या जागी ठेवून कंबरेतून वळायचं आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मी खांद्यापर्यंत जायचे आणि थिजायचे.

"कंबर वळतेय," मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच वळू देत नाही."

मला त्यांचा राग आला, कारण ते खरं होतं. मग त्या म्हणाल्या, "असं करा, आता बसनं कुठंतरी जाऊन या. पट्टा घरी ठेवून. राहिलेला प्रश्न तिकडं सोडवा."

म्हणून मी सकाळी सात वाजता उभी होते.

बस आली. खिडकीची जागा मिळाली, तीही चाकावरची नाही. शहर संपलं आणि दोन्हीकडं ज्वारी सुरू झाली. कणसं भरत आली होती, मधूनमधून कापूस वेचून झालेली काळीभोर रानं, बांधावर बाभळी. झरीपर्यंत माझी पाठ आणि मी, दोघी गुण्यागोविंदानं होतो. पुढं रस्त्यानं आपले गुण दाखवायला सुरुवात केली. एक खड्डा आला, मी सीटवरून वर गेले आणि खाली आले, आणि श्वास धरून वाट बघत राहिले. काही झालं नाही. दुसरा आला. काही झालं नाही. पाचव्या खड्ड्यानंतर मी एकटीच हसायला लागले. खड्ड्यात गेल्याचा एवढा आनंद त्या बसमध्ये दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

अर्धा तास झाल्यावर मी नियमाप्रमाणे उठून उभी राहिले, दांडी धरली, एक-एक टाच वर केली. कंडक्टर आला. "बाई, बोरी यायला टाइम हाय. बसा की."

"मला बोरीला उतरायचं नाही."

"मंग उभ्या कामून?"

"बसून कंटाळा आला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बस्स. अख्ख्या जिल्ह्यात जागेसाठी रुमाल टाकतात, आणि ही बाई मिळालेली जागा सोडून उभी. माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. ते लगेच पसरून बसले आणि म्हणाले, "कंबर का?"

"हो."

"म्या वळखलंच. लय बेकार दुखणं. तुमी असं करा, येलदरीच्या अलीकडं एक बाई व्हती. पायाळू. तीन लाथात माणूस नीट. माझ्या भावजईला हातरुणातनं उठवलं तिनं."

"होती म्हणजे?"

"हाय जित्ती. पर गुण गेला म्हणतेत."

"कशानं गेला?"

आजोबा माझ्याकडं सरकले. "परभणीच्या एका मास्तरणीला मारली लाथ. मणकाच फुटला तिचा. तवापसनं ती जाग्यावरच हाय. कोणी म्हणतेत, गेली बी बिचारी."

"गेली?"

"आता ऐकायलोय तसं सांगायलोय बगा. डोळ्यानं कोण बघितलंय?"

आता या माणसाला काय सांगणार? ती बिचारी मेलेली मास्तरीण त्यांच्या डोक्याशी दांडी धरून टाचा वर-खाली करत होती. मला एरवी हसू आलं असतं. पण 'गुण गेला' हे ऐकलं आणि माझ्या टाचा थांबल्या. ही बातमी कुठून निघाली असेल, त्याचा शोध घ्यायला मला कुठं जायची गरज नव्हती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मीच तर ती चहाबरोबर दिली होती.

जिंतूरला उतरले. पिशवी उचलायला मॅडमनी शिकवल्याप्रमाणे तिच्यासमोर उकिडवी बसले, तिला पोटाशी धरलं आणि उठले. एक बाई धावत आली. "काय हारपलं का बाई? पैशे पडले का?" मी म्हटलं, काही नाही, पिशवी उचलायले. "एवढी मोठी मिरवणूक काढून?" असं म्हणून ती निघून गेली. स्थानकाबाहेरच्या हॉटेलात सुशीला खाल्ला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना शेंगदाण्याची फोडणी देतात, त्याला आमच्याकडे हे नाव आहे, का आहे ते विचारू नका). वर कच्चा कांदा, लिंबू आणि गुळचट चहा. अर्धा सुशीला मात्र बशीतच राहिला.

तर आता वाचकहो, मॅडमना न सांगितलेली गोष्ट तुम्हाला सांगते. त्या वेळी काकूच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. मी गेले ती आधीच कंबर धरून. हळदीच्या सकाळी काकूनं मला उंबऱ्यावर घेतलं आणि तीन लाथा मारल्या. लाथा कसल्या, मांजर अंगावरून गेल्यासारखं वाटलं. नियमानं तोंडातून शब्द काढायचा नव्हता, पण लग्नघरात कोण ऐकतं? उठल्यावर सगळ्या बायका विचारायला लागल्या, "बरं वाटायलंय का?" काकू माझ्याच तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "एकदम!" आणि एवढं म्हणून गप्प बसावं की नाही? नाही. सिद्ध करून दाखवायला फुगडी घातली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, कंबर दुखतेय, नवऱ्यानं निघताना 'नाचू नकोस' म्हणून हात जोडलेले, आणि मी फुगडी घालतेय. एक नाही, तीन. तिसरी नवरीबरोबर. तिसऱ्या फुगडीत कंबरेत काहीतरी सटकन तुटल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत मी हसत-हसत सहन केलं, आणि सकाळी मला उठता येईना. जीपमध्ये आडवी घालून परभणीला आणली. ह्यांनी विचारलं, "काय केलंस?" मी म्हटलं, "काकूची लाथ लागली." ते शब्द तोंडातून इतके सहज गेले, की पुढं मलाही खरे वाटायला लागले.

म्हणजे पाठ केलेल्या त्या भाषणाचे जिंतूरच्या स्थानकावरच बारा वाजले. आता दोनच रस्ते होते, एक परभणीकडं आणि एक येलदरीकडं. परभणीची बस समोरच लागली होती. खोटं कशाला बोलू, मी तिच्या पायरीपर्यंत गेले होते.

येलदरीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. जिंतूर सोडलं की जमीन उठायला लागते. माळ, दगड, सागाची खुरटी झाडं, उतारावर तुरी कापून पडलेल्या. मग एका वळणावर एकदम पाणी दिसतं. पूर्णा नदीला अडवून केलेलं हे धरण. त्याच्या फुगवट्याचं पाणी दूरवर पसरलेलं आणि त्यावर थर्माकोलच्या ठोकळ्यांवर बसून जाळी टाकणारे लोक. त्या ठोकळ्यावर ते दिवसभर पाठीचा कणा सरळ ठेवून कसे बसतात, हा विचार तीन वर्षांपूर्वी माझ्या मनात कधी आला नव्हता. आता मला कुठलंही माणूस दिसलं की आधी त्याची पाठ दिसते.

फाट्यावर उतरले तर भास्कर मोटारसायकल घेऊन उभा. भास्कर म्हणजे काकूचा मुलगा, माझा चुलतभाऊ.

"बस अक्का माघं."

"मी चालत येणार."

"एक किलोमीटर हाय!"

"म्हणूनच."

त्याला ते पटेना. पाहुणी चालत येतेय आणि घरधनी गाडीवर, हे गावानं बघितलं तर काय म्हणेल! शेवटी तो गाडीवर बसून माझ्या वेगानं शेजारून चालला, गाडी सारखी बंद पडत होती, आणि दर पाच मिनिटांनी 'बस की अक्का' सुरू होतं. अशा थाटात आमची वरात वेशीत शिरली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मला बघून त्यांना आनंद झाला की निराशा झाली ते कळलं नाही. त्यांच्या हिशेबानं मी मेलेली असायला हवी होते.

काकू ओसरीवर होती. मी दारात पाय ठेवला आणि तिच्याकडं बघून जागच्या जागी उभी राहिले. ताठ चालणारी माझी काकू कंबरेत वाकली होती. भिंतीला हात लावत ती उठली, पण निम्मीच उठली.

"आलीस?" तिनं विचारलं.

"आले काकू."

"चालत आलीस?"

"फाट्यापासून."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि चूल बघायच्या निमित्तानं आत गेली. मला जवळ घेतलं नाही. पूर्वी मी आले की तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची.

जेवायला ज्वारीची भाकरी, सोल्यांची आमटी (ओल्या तुरीच्या दाण्यांची), धरणातल्या माशाचं कालवण आणि शेंगदाण्याचा ठेचा. भास्करच्या बायकोनं आग्रह करकरून वाढलं. मी मांडी घालून बसले, उठताना हात टेकला नाही, आणि ते बघायला एव्हाना दारात दहा-बारा बायका जमल्या होत्या. काकू एकटी आतल्या उंबऱ्याशी बसून होती. त्याच उंबऱ्यावर तिनं गावाला नीट केलं होतं.

"काकूची कंबर कधीपासून अशी?" मी भास्करच्या बायकोला हळूच विचारलं.

"वरीस झालं. दवाखान्यात चला म्हणलं तर ऐकायल्या न्हाईत."

"आन पायाळूला पायाळूच पायजे की," दारातली सखुबाई म्हणाली. सखुबाई म्हणजे शेजारीण, तिच्या तोंडाला कधी कडी नव्हती. "गावात दुसरं कोण हाय? सोताची लाथ सोताच्या कंबरेला कशी लागंल? आन तसा बी आता काकूचा पाय फिरला. तुमचं झालं तवापसनं कोणी येत न्हाई. लग्नात बी कोणी बोलवत न्हाई पयल्यावानी."

काकू जमिनीवरचा खडा नखानं उकरत होती. म्हणाली, "खरं हाय. ह्या पोरीला जीपमदी घातली, तवापसनं म्या कोणावर पाय उचलला न्हाई. लोकं यायचे, म्या म्हणायचे, पाय दुखायलाय."

आठ महिने मी पोट आत घेऊन, श्वास धरून कणा मजबूत केला होता. तो सगळा कणा या एका वाक्यासाठी लागला.

"काकू," मी म्हटलं, "लाथेनं काही झालं नव्हतं. मी फुगडी घातली होती. तीन. तिसऱ्या फुगडीत कंबर गेली. मला ह्यांना सांगायची लाज वाटली म्हणून मी तुझं नाव घेतलं. आणि मग तेच सगळ्यांना सांगत राहिले."

सखुबाईचं तोंड पहिल्यांदाच उघडं राहूनही गप्प राहिलं. काकूनं खडा उकरायचं सोडून वर बघितलं.

"फुगडी तर म्या बी बघितली व्हती," ती म्हणाली.

"मग?"

"मंग काय? तू लाथ म्हणालीस. म्या म्हणलं, असंल. शिकलेली पोरगी हाय, खोटं कामून बोलंल?"

मी तिच्याजवळ जाऊन उंबऱ्यावर बसले आणि रडले, चारचौघींसमोर, मोठ्यानं. काकूनं आधी माझ्या पाठीवर हात ठेवला, मग घाईनं काढून घेतला आणि विचारलं, "दुखायलंय का?" मी म्हटलं, "नाही, ठेव." मग तो तिथंच राहिला.

पण ही कथा इथं गोड करून संपवावी तर सखुबाई होती ना! ती भानावर आली आणि हर्षानं ओरडली, "म्हंजे काकूचा गुण गेलाच न्हाई! माझ्या जावेची कंबर धरलीय, आत्ता घिऊन येते!" आणि ती उठलीच. मी डोक्याला हात लावला. खरं बोलल्याचं हे बक्षीस. आता संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर रांग लागणार, आणि हे रूपाली मॅडमना कळलं तर मला पुन्हा पहिल्या व्यायामापासून सुरुवात.

म्हणून मी सरळ मॅडमनाच फोन लावला, चित्रासकट. रविवार होता, त्या केस धुऊन बसल्या होत्या. मी काकूला फोनसमोर आणलं. मॅडमनी लगेच सुरुवात केली. आजी, पडला होतात का? पायांना मुंग्या येतात का? रात्री झोप लागते का? लघवीला काही त्रास? काकूनं सगळ्याची उत्तरं दिली आणि मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, "ही पोरगी पायाळू हाय का?"

मॅडमना ऐकू गेलं. "नाही हो आजी, मी सिझेरियनची."

काकूला ते समजावून सांगावं लागलं. तिनं विचार केला. "म्हंजे ना पायानं, ना डोक्यानं," ती म्हणाली. "मंग हिला गुण कुठून येणार?"

"आठ वर्षं शिकून आणला, आजी," मॅडम म्हणाल्या. "आधी तुम्ही परभणीला या. डॉक्टर तपासतील, हाडांचा फोटो काढू. तोवर तीनच गोष्टी. उठताना आधी कुशीवर व्हायचं, मग हातानं जोर देऊन उठायचं. उताणं झोपून गुडघे मोडायचे आणि एक-एक टाच हळू सरकवायची, दहा वेळा. दुखलं तर थांबायचं. आणि भिंत सोडून, तुमच्या मागं अंगणात तो लिंब दिसतोय ना, तिथपर्यंत चालायचं, सोबत कुणीतरी घेऊन."

"आन जी लोकं माझ्याकडं येतेत त्यांचं?"

"त्यांना लाथ मारू नका. पण परत पण पाठवू नका. चालायला लावा, आणि नाहीच जमलं तर दवाखान्यात जा म्हणून दटावा. मी सांगितलं तर कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

"आन माझ्या पायाचं काय?"

"तो चालायला वापरा."

काकू हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला हसताना बघितलं. सतरंजी टाकली, काकू उताणी झाली आणि माझ्या मोजण्यावर टाच सरकवायला लागली. तेवढ्यात सखुबाई जावेला धरून आली. "पयले माझे दहा होऊ दे," काकू खालूनच म्हणाली. "मंग तुजी जाऊ. लिंबापर्यंत चालीव तिला तवर." जाऊबाई बिचारी लाथ खायला आलेली, लिंबाकडं चालायला लागली. काकूनं सांगितलं म्हटल्यावर का, कशाला, हे तिनं विचारलंच नाही. मॅडमना माझ्याकडून एवढं करवून घ्यायला दोन महिने लागले होते.

परतीची बस चारची होती. निघताना काकूनं ओटी भरली, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि पिशवीत तुरीच्या शेंगा एवढ्या कोंबल्या की मॅडमची परवानगी घ्यावी लागली असती. मी उकिडवी बसून पिशवी पोटाशी धरून उठले. काकूनं ते नीट पाहून घेतलं. मी उंबरा ओलांडला.

"माघं वळून बघू नको!" ती आतून ओरडली. सवय.

मी अंगण ओलांडलं. लिंबापर्यंत गेले. मग पिशवी खाली ठेवली, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि कंबरेतून वळले. खांद्यापर्यंत आले, रोजच्यासारखी थिजले, श्वास सोडला आणि पुढं गेले. पूर्ण. काकू दारात उभी होती. एक हात चौकटीला होता आणि दुसऱ्या हातानं ती मला रागावून 'जा, जा' करत होती. कंबर अजून वाकलेलीच होती, पण मान मात्र वर होती.

परभणीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. हे स्थानकावर उभे होते, हातात माझा पट्टा घेऊन. मी त्यांना शेंगांची पिशवी दिली. रिक्षात बसल्यावर फुगडीचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं." नवऱ्यांना नंतर सगळंच माहीत असतं. तरी एक मात्र खरं, की माझी पाठ बरी करायला एक डॉक्टर, एक मॅडम आणि आठ महिने लागले, आणि मी बिघडवलेलं काकूचं नाव नीट करायला एक वाक्य पुरलं असतं, जे मी तीन वर्षं बोलले नाही. दुखण्याच्या नावाखाली माणूस किती काय झाकून ठेवतो!

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले, वळले आणि मागच्या घड्याळात किती वाजले ते सांगितलं. मग म्हटलं, "कार्ड काढा. पहिल्या पानावर 'लाथ' लिहिलंय, ते खोडा. तिथं 'फुगडी' लिहा." मॅडमनी माझ्याकडं बघितलं, काही न विचारता खोडलं आणि लिहिलं.

घरी येते तोच काकूचा फोन.

"बघितलंस माघं," ती म्हणाली. "सांगितलेलं कवा ऐकशील?"

"बघितलं."

"मंग? दुखलं का?"

"नाही काकू. अजिबात नाही."

पन्नास वर्षांचा नियम होता तो.

"मंग त्यात काय दम न्हाई," काकू म्हणाली. "ठेव फोन. माझे चार राहिलेत."